गच्चीतली बाग: पाण्याआधी हवेचं बघा

मे महिन्यात येणाऱ्या पत्रांमध्ये एक तक्रार हमखास असते, रोज पाणी घालतो, खत घालतो, तरी झाडं मरतात. मुंबई, ठाणे, वसई, पालघर, रायगड, खाली सिंधुदुर्गापर्यंत सगळीकडून हेच. यामागे एक मोठं कारण असं की बागकामाचा बराचसा सल्ला कोरड्या हवेतल्या लोकांनी दिलेला असतो. पुण्या-नाशिकची उष्णता वेगळी आणि आपली घामट उष्णता वेगळी. तिकडे कुंडी दुपारपर्यंत खडखडीत वाळते, इकडे वरून वाळलेली दिसते आणि आत चिखल असतो. म्हणून यावेळचे प्रश्न निवडताना मी मुळांना आणि पानांना हवा मिळण्याचा मुद्दा जिथे जिथे येतो तेच आधी घेतलेत.

प्रश्न: ताई, आमची सगळ्यात वरच्या मजल्यावरची गच्ची आहे, दिवसभर ऊन. मार्चमध्ये काळ्या ग्रो बॅग्ज आणून वांगी, मिरची, पालक लावलं. दुपारी दोनला सगळी झाडं माना टाकतात म्हणून सकाळ-दुपार-संध्याकाळ पाणी घालते, तरी पानं पिवळी पडून एकेक झाड जातंय. पाणी अजून वाढवू का? (डोंबिवली)

नका वाढवू, आणि दुपारचं पाणी तर आजपासूनच बंद करा. दुपारच्या उन्हात पानांतून पाणी उडतं त्या वेगाने मुळं ते वर चढवू शकत नाहीत म्हणून झाड माना टाकतं, मातीत पाणी असलं तरी टाकतं. खरी परीक्षा सकाळी सातची. सकाळी झाड ताठ उभं असेल तर त्याला काही झालेलं नाही. सकाळीसुद्धा मलूल दिसलं तर बोट दोन इंच मातीत खुपसा, कोरडं लागलं तर भरपूर पाणी द्या, ओलं लागलं तर मुळं कुजायला लागलीयेत असं समजा.

हे का होतं ते सांगते, कारण एकदा कळलं की पुढचं सगळं आपोआप सुचतं. मुळं श्वास घेतात, मातीच्या कणांमधल्या पोकळीत जी हवा असते ती त्यांना लागते. आपल्याकडे हवेतच इतका दमटपणा असतो की माती हळू वाळते, त्यात प्लॅस्टिकची बॅग, म्हणजे बाजूने ओल बाहेर जायला वाटच नाही. त्या सगळ्या पोकळ्या पाण्याने भरून राहतात आणि मुळं गुदमरतात. शिवाय पाणी जितकं गरम तितका त्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, आणि नेमकं उष्णतेत मुळांना तो जास्त हवा असतो. गुदमरलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही, झाड सुकल्यासारखं दिसतं, आपण अजून पाणी घालतो, की झालं.

आता काय करायचं. जी झाडं अर्धी जिवंत आहेत ती बॅगेतून काढा, तपकिरी, मऊ, वास येणारी मुळं कापा, वरची एक तृतीयांश पानं कमी करा, ताज्या मिश्रणात लावून आठवडाभर सावलीत ठेवा. मिश्रण असं करा: ४ भाग लाल माती, ३ भाग नीट कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट, २ भाग सुका पालापाचोळा किंवा रसवंतीवाल्याकडचं वाळवलेलं उसाचं चिपाड, १ भाग भाताचं तूस किंवा जाड वाळू. लाल माती एकटी वापरली तर पावसाचा मार बसून वीट होते, आणि कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, हल्ली लोक अर्ध्याला अर्धं घालतात ते आपल्या हवेत जास्तच होतं कारण ते पाणी धरूनच ठेवतं. तळाला खडी किंवा विटांचे तुकडे घालायची जुनी पद्धत आहे, त्याने पाणी लवकर निघत नाही, उलट मातीचा थर कमी होतो आणि ओला भाग मुळांच्या आणखी जवळ येतो, त्यामुळे भोकावर एक खापरी किंवा नारळाची शेंडी पुरे. बॅगेला तळापासून इंचभर वर बाजूनेही भोकं पाडा.

काळ्या बॅगा उन्हात हात लावू देणार नाहीत इतक्या तापतात, आतली कडेची मुळं अक्षरशः भाजतात. बाहेरून गोणपाट गुंडाळा किंवा चुना लावा, बॅगा एकमेकींना चिकटून गटाने ठेवा म्हणजे आतल्या बॅगांना सावली मिळते, आणि सगळं तापलेल्या लादीवरून विटांवर उचला. मार्च ते मे ५० टक्के ऊन अडवणारी हिरवी नेट लावा, पण जूनमध्ये ती न विसरता काढा, ढगाळ दिवसात आधीच उजेड कमी असतो आणि नेटखाली दमट कोंदट झालं की बुरशी आलीच. पालक नोव्हेंबरपर्यंत सोडून द्या, त्याऐवजी मायाळू, लाल माठ, अंबाडी लावा, ह्या भाज्या या हवेत मनापासून वाढतात.

प्रश्न: टोमॅटोला फुलं भरपूर येतात आणि तीन-चार दिवसांत देठासकट गळतात. एकही टोमॅटो धरला नाही. खत कमी पडतंय का? (बोरिवली)

खत नाही हो, तापमान. दिवसा ३५ आणि रात्री २४ अंशांच्या वर गेलं की टोमॅटोचे परागकण नीट तयार होत नाहीत, आणि दमटपणात ते चिकट होऊन झडतही नाहीत. मुंबईत मे महिन्यात रात्रीचं तापमानच सरासरी २७ च्या आसपास असतं, म्हणजे कोणतंही खत, कोणतंही टॉनिक यात काही करू शकत नाही, पैसे घालवू नका. ऑगस्टच्या शेवटी आडोशाला बी पेरा, पाऊस ओसरला की ऑक्टोबरमध्ये मोठ्या कुंडीत हलवा, डिसेंबर ते फेब्रुवारी टोमॅटो खा. तेव्हा सकाळी नऊ-दहाला फुलांच्या दांड्याला बोटाने टिचकी मारत जा, वरच्या मजल्यांवर मधमाश्या कमी येतात आणि या टिचकीने खूप फरक पडतो. कोथिंबिरीचंही तेच, थंडीत लावा, उन्हाळ्यात ती चार पानं देऊन लगेच फुलावर जाते.

प्रश्न: आम्ही काही जणांनी मिळून सोसायटीच्या गच्चीवर भाजीपाला करायचं ठरवलंय, पण सेक्रेटरी म्हणतात स्लॅब कोसळेल आणि लीकेज होईल. बिल्डिंग बत्तीस वर्षांची आहे. त्यांना कसं समजावू? (ठाणे)

मला तुमचे सेक्रेटरी काळजी घेणारे वाटतात, आणि त्यांना समजवायच्या आधी आकडे तुम्हीच समजून घ्या. लोकांची ये-जा असलेल्या सपाट गच्चीसाठी भारतीय मानकात चौरस मीटरला साधारण १५० किलो भार धरतात. आता ओली माती घनमीटरला १७०० किलोच्या आसपास भरते, म्हणजे नुसता सहा इंचांचा सलग वाफा केला तरी चौरस मीटरला अडीचशे किलो झाले, त्यावर माणसं आणि पावसाचं साचलेलं पाणी वेगळंच. त्यामुळे सलग वाफा नाहीच, आणि २०० लिटरचे ड्रम अर्धे कापून मातीने भरायची कल्पना असेल तर तीही सोडा, एकेक अर्धा ड्रम दीडशे किलोच्या वर जातो.

याला उत्तर हलक्या मातीत आहे, आणि ते मुंबईतच शोधलेलं आहे. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या सेंट्रल किचनच्या गच्चीवर २००२ पासून प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातला ओला कचरा आणि पालापाचोळा कुजवून भाज्या-फळझाडं उभी केली, त्यामागे कोल्हापूरच्या श्रीपाद दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराचा, म्हणजे शेतीत स्वतः प्रयोग करणाऱ्यांच्या गटाचा, विचार होता. त्याआधी डॉ. आर. टी. दोशी उसाच्या चिपाडात भाज्या घेऊन दाखवत होते. या पद्धतीत मातीचं काम बहुतेक कुजलेला पाला करतो, वजन निम्म्याच्याही खाली येतं आणि मुळांना हवाही भरपूर मिळते. सुका पाला अमृतजलात २४ तास भिजवायचा आणि थोड्या मातीसोबत थर देत रचायचा. अमृतजल म्हणजे १० लिटर पाण्यात १ किलो ताजं शेण, १ लिटर गोमूत्र, ५० ग्रॅम काळा गूळ, तीन दिवस रोज ढवळत ठेवायचं आणि मग दहापट पाणी घालून वापरायचं. शेण आणायचं कुठून असं विचाराल तर जवळच्या तबेल्यात विचारा, बहुतेक ठिकाणी आनंदाने देतात.

कुंड्या मधोमध नकोत, बीम आणि कॉलमच्या वर, म्हणजे साधारणपणे कडेकडेने. सगळं स्टँडवर, खाली तीन-चार इंच मोकळी जागा, म्हणजे झाडलोट होते, लादी वाळते आणि कोब्याला तडा गेला तर दिसतो. पावसाच्या पाइपच्या तोंडावर जाळी बसवा आणि ती साफ करायची पाळी आत्ताच वाटून घ्या, कारण माझ्या मते गच्चीवरच्या बागेमुळे होणारं लीकेज बहुतेक वेळा पाला अडकून पाणी तुंबल्यानेच होतं. इमारत ३० वर्षांच्या पुढची आहे तेव्हा स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इंजिनियरकडून इमारतीच्या मजबुतीची तपासणी, झालंय का ते बघा, नसेल तर आधी ते करून घ्या आणि त्याच इंजिनियरकडून कुंड्या कुठे चालतील ते लेखी घ्या. मग जनरल बॉडीत ठराव. गच्ची सगळ्यांची असते, त्यामुळे ज्यांना बाग नकोय त्यांना कपडे-पापड वाळवायला जागा मोकळी ठेवायलाच हवी.

प्रश्न: मिरचीची पानं आकसून गोळा झालीत, शेजारच्या जास्वंदीवर पांढरा कापूस आलाय. दोन्हीला एकच औषध चालेल का? (वसई)

जास्वंदीवर पिठ्या ढेकूण आहे. त्याला औषधाआधी पाण्याचा जोरदार फवारा, मग जुन्या टूथब्रशने साबणाच्या पाण्यात घासून काढा आणि मुंग्यांची रांग कुठून येते ते शोधून तोडा, मुंग्या त्याच्या गोड चिकट स्रावासाठी त्याला राखतात आणि एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात.

मिरचीचं नीट बघायला लागेल. पानांच्या कडा वर वळून होडीसारखा आकार झाला असेल तर फुलकिडे (थ्रिप्स), कडा खाली वळून देठ लांब झाले असतील तर कोळी (जाळं विणणारा नव्हे, पानातला रस शोषणारी अगदी बारीक कीड). दोन्ही असतील तर दोन्ही. फुलकिड्यांना कडुनिंबाचं तेल, लिटरभर कोमट पाण्यात ५ मिली, त्यात आधी थोडा लिक्विड सोप घोळवून मग तेल घालायचं नाहीतर ते वरच तरंगतं, आणि फवारणी ऊन उतरल्यावर, पानाच्या खालून, पाच-सहा दिवसांनी परत, असं तीनदा. कोळ्याला पाण्यात विरघळणारं गंधक चालतं, पण ३५ अंशांच्या उन्हात मारलं तर पानं करपतात आणि तेलाच्या फवारणीनंतर दोन आठवडे तरी मारायचं नाही, त्यामुळे मे महिन्यात मी तरी नुसता रोज सकाळी पानांखालून पाण्याचा फवारा मारायला सांगेन. नवीन फूटही बारीक, पिवळट, गुच्छासारखीच येत राहिली तर तो व्हायरस, त्याला औषध नाही, झाड उपटा आणि कंपोस्टमध्ये टाकू नका. आणि वर डोंबिवलीला बॅगा चिकटून ठेवायला सांगितलं असलं तरी अशी कीड आली की मिरच्या एकमेकींपासून फूटभर तरी लांब ठेवा, वारा खेळला पाहिजे.

प्रश्न: आमच्याकडे पाऊस धो धो. दरवर्षी जूनमध्ये बाग चांगली दिसते आणि जुलैअखेर सगळं पिवळं, वर गोगलगायी. पावसात काय लावावं? (रत्नागिरी)

रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, एवढं पाणी कुंडीतून गेलं की नत्र (नायट्रोजन) धुऊन जातं, म्हणून आधी खालची पानं पिवळी होतात. एकदम भरपूर खत घालू नका, तेही वाहून जाईल, दर पंधरा दिवसांनी मूठभर गांडूळखत आणि चमचाभर निंबोळी पेंड, उघडीप बघून. खालच्या ताटल्या जून ते सप्टेंबर काढूनच ठेवा.

लावायचं म्हणाल तर तुमच्या परसात पूर्वी जे मांडवावर चढायचं तेच, काकडी, शिराळं, घोसाळं, पडवळ, कारलं, आणि कोपऱ्यात आळू. मोठ्या कुंडीत एकच वेल. पावसात कीटक फिरकत नाहीत म्हणून फळ धरत नाही, तेव्हा नर फूल तोडून मादी फुलाला टेकवा, मादी फुलाच्या मागे इवलंसं फळ असतं त्यावरून ओळखू येते. काकडी-कारल्याला हे सकाळी करायचं, पण शिराळं आणि दुधीची फुलं संध्याकाळी उघडतात, सकाळी गेलात तर मिटलेली सापडतील. भेंडी पहिल्या सरींनंतर थेट कुंडीतच पेरा, परभणी क्रांती घ्या, ती जात हळद्या रोगाला (पानांच्या शिरा पिवळ्या पडतात तो) बऱ्यापैकी टिकते.

गोगलगायींना रात्री ओलं गोणपाट आणि त्याखाली कोबीची पानं ठेवा, पहाटे सगळ्या त्याखाली गोळा होतात, चिमट्याने उचला. कुंडीत मीठ टाकू नका, माती खराब होते. बाजारात मिळणाऱ्या गोळ्या कुत्र्या-मांजरांना विषारी असतात.

प्रश्न: ह्यूस्टनला अपार्टमेंटच्या बाल्कनीत कढीपत्ता लावायचाय. आई म्हणते येताना रोप आणते. (टेक्सास)

आईंना आणू देऊ नका, रोप काय, ताजी पानंसुद्धा अमेरिकेत न्यायला बंदी आहे. संत्र्या-लिंबाच्या बागांचं नुकसान करणारा रोग ज्या किडीमुळे पसरतो ती कीड कढीपत्त्यावर राहते, म्हणून टेक्सासच्या काही भागांतून रोपं हलवायलाही निर्बंध आहेत. तिथल्याच परवानाधारक नर्सरीतून घ्या. उन्हाळा तुमच्याकडे आपल्यासारखाच घामट, तेव्हा माती आणि पाण्याचं वर डोंबिवलीला लिहिलंय तेच. फरक थंडीचा, फेब्रुवारी २०२१ सारखी गोठवणारी लाट येऊ शकते, म्हणून कुंडी एकट्याने उचलता येईल एवढीच ठेवा आणि रात्री पारा १० अंशांखाली जायला लागला की आत घ्या. थंडीत पानं गळाली तरी पाणी कमीच घाला, मार्चमध्ये शेंडे खुडा, फुटेल.

प्रश्न: एसीचं पाणी झाडांना घातलं तर चालतं का? (अंधेरी)

चालतं, त्यात क्षार जवळजवळ नसतात, टँकरच्या खाऱ्या पाण्यापेक्षा तर कितीतरी चांगलं. फक्त थेंब सतत एकाच कुंडीत पडू देऊ नका, बादलीत जमवा, आणि बादली रोज रिकामी करा. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडायला आठवडा-दहा दिवस पुरतात.