मिरवणुकीतच चित्राचे चौकोन का होतात?

प्रश्न : दादा, आमच्याकडे डीटीएच आहे, कंपनीचं नाव लिहीत नाही. एरवी चित्र झकास, सिरियल बघा, पिक्चर बघा, काही तक्रार नाही. पण अनंत चतुर्दशीला लालबागच्या राजाची मिरवणूक लावली आणि गुलाल उधळला की सगळं चित्र चौकोन चौकोन. मेकॅनिकने एलएनबी (डिशसमोरचा सिग्नल पकडणारा डबा) बदलला तरी तेच. आता म्हणतो डिशच नवीन घ्या. घेऊ का?
(एक वाचक, सांगोला)

उत्तर : नका घेऊ. आधी रिमोट घ्या, मेन्यूत जाऊन सिग्नल क्वालिटी बघा. ती नेहमीएवढीच असेल आणि आवाज स्वच्छ येत असेल तर तुमच्या गच्चीवरच्या कुठल्याच वस्तूचा यात दोष नाही. डिशचा प्रॉब्लेम असला की आवाज तुटतो, चित्र थिजतं, मधेच हिरवे-जांभळे पट्टे येतात आणि शेवटी 'नो सिग्नल'. त्याला गुलाल आणि सिरियल यातला फरक कळत नाही, तो कधीही होतो, जास्त करून जोरदार पावसात, कारण केयू बँडचे, म्हणजे डीटीएच ज्या फ्रिक्वेन्सीवर येतं तिथले, सिग्नल पाऊस शोषून घेतो. तुमचं चित्र मात्र नेमकं गुलालालाच फुटतं, म्हणजे ते तिकडूनच फुटलेलं निघतं आणि तुमची डिश बिचारी ते जसंच्या तसं इमानदारीत उतरवून घेते.

आता तिकडे काय होतं ते सांगतो. आकडे दूरदर्शनच्या फ्री डिशचे घेतो, कारण ते सगळ्यांना माहीत असतात, बॉक्स ट्यून करताना आपणच २९५०० सिंबॉल रेट टाकतो ना. एफईसी ३/४ धरलं (म्हणजे चारातला एक बिट चुका दुरुस्त करायला) तर जुन्या डीव्हीबी-एस प्रसारण पद्धतीत एका ट्रान्सपाँडरमधून, म्हणजे सॅटेलाइटवरच्या एका रिले यंत्रातून, सेकंदाला साधारण ४०.८ मेगाबिट जातात, बस. आणि स्टुडिओत साध्या एसडी चॅनेलचं न दाबलेलं, म्हणजे कॉम्प्रेस न केलेलं, चित्र किती असतं? २७० मेगाबिट! म्हणजे अख्ख्या ट्रान्सपाँडरमध्ये एक चॅनेलसुद्धा मावत नाही, आणि आपल्याला समजा वीस बसवायचेत.

ते बसतात कसे, तर एक चित्र पूर्ण पाठवायचं आणि पुढच्या चित्रांमध्ये फक्त काय बदललं, काय कुठे सरकलं तेवढंच सांगायचं. निवेदिका बातम्या वाचत असेल तर मागचा सेट तोच, साडी तीच, हलतात फक्त ओठ, हात आणि खालची पट्टी. एन्कोडरला, म्हणजे चित्र दाबणाऱ्या यंत्राला, आराम. गुलाल म्हणजे मात्र त्याची परीक्षाच, कारण प्रत्येक कण आपापल्या वाटेने चाललेला, आधीच्या चित्रावरून पुढचं काहीच सांगता येत नाही, वर कॅमेऱ्यांचे फ्लॅश, ढोल-ताशावाले, हजारो हलणारे हात, आणि गिरगाव चौपाटीला पोचल्यावर लाटा. अशा वेळी त्याला बिट जास्त लागतात आणि मिळाले नाहीत की तो बारीक तपशील टाकून देतो. तुम्हाला चौकोन दिसतात ते त्यामुळे.

मग जास्त बिट देत का नाहीत? देतात की, पण कुठून देतात ते बघा. सरळ हिशोब केला तर वीस चॅनेलना प्रत्येकी २ मेगाबिट. पण हा हिशोब उधळा आहे. स्टुडिओतल्या चर्चेला त्या क्षणी सव्वा पुरतो, क्रिकेटला चारही पुरत नाहीत, आणि ज्याचं उरतं त्याच्या वाट्यात १८८ बाइटची रिकामी पाकिटं भरून पाठवतात, खरंच रिकामी, बॉक्स ती उघडतो पण नाही. एवढी महाग जागा आणि त्यातून हवा पाठवायची! म्हणून स्टॅटमक्स आला, म्हणजे स्टॅटिस्टिकल मल्टिप्लेक्सिंग. प्रत्येक एन्कोडर पुढची चित्रं थोडी आधीच बघून ठेवतो आणि कंट्रोलरला सांगतो की मला आता अवघड जाणार आहे किंवा सोपं आहे, आणि कंट्रोलर सेकंदात अनेकदा वाटणी बदलतो, एकूण बेरीज मात्र तेवढीच. चार भावांच्या सामाईक विहिरीसारखं, ज्याचं पीक सुकतंय त्याच्याकडे मोटर वळवायची.

भाऊ जितके जास्त तितकं हे चांगलं चालतं, कारण वीस चॅनेलवर एकाच क्षणी सगळीकडे धावपळ असेल असं सहसा होत नाही. सहसा! अनंत चतुर्दशीला काय होतं? यच्चयावत मराठी न्यूज चॅनेल एकच मिरवणूक दाखवतात, तोच गुलाल, तीच गर्दी. सगळ्यांना एकदम तहान लागते आणि उसनं द्यायला कुणाकडेच शिल्लक नसतं. स्टॅटमक्सचा सगळा फायदा या गृहीतकावर उभा आहे की चॅनेलच्या गरजा एकमेकांपासून स्वतंत्र असतात, आणि नेमकं तेच त्या दिवशी मोडतं. यावर उपाय कठीण नाही, एका ट्रान्सपाँडरमध्ये न्यूज, सिनेमा, कार्टून, भक्ती असं मिसळून ठेवायचं, सगळे न्यूजवाले एका घरात कोंबायचे नाहीत. शिवाय प्रत्येक चॅनेलला कमीत कमी किती, जास्तीत जास्त किती आणि वजन (म्हणजे प्राधान्य) किती हे सेटिंग माणूसच करतो, आणि माझ्या मते तिथे तंत्रापेक्षा धंद्याचा विचार जास्त होतो.

अजून एक शक्यता आहे. रिपोर्टरच्या मागे कॅमेरामनच्या पाठीवर ती बॅग असते ना, तिच्यात बरीच सिमकार्ड असतात आणि ती मोबाइल नेटवर्कवरून चित्र पाठवते. लाखोंच्या गर्दीत नेटवर्क आधीच गुदमरलेलं, म्हणजे चित्र चॅनेलच्या ऑफिसात पोचायच्या आधीच फाटलेलं, मग चॅनेल ते दाबून सॅटेलाइटवर टाकतं, मग डीटीएचवाला ते उतरवून परत दाबतो. दाबलेलं परत दाबलं की पहिल्याचे चौकोन दुसऱ्याला तपशील वाटतात आणि तो ते जपायला बिट खर्च करतो! पुढच्या वेळी मिरवणूक सुरू असताना मोबाइलवर त्याच चॅनेलचं यूट्यूब लाइव्ह लावून बघा. तिथेही चौकोन असतील तर दोष बहुधा मुळातच, तिथे स्वच्छ आणि टीव्हीवर फुटकं असेल तर डीटीएचवाल्याच्या वाटणीत. मेकॅनिकला दोन्हीत काही करता येत नाही.

प्रश्न : एचडी घेतलं तर हा त्रास जाईल का? पैसे भरायची तयारी आहे.
(एक वाचक, पनवेल)

उत्तर : कमी होईल, जाईलच असं नाही. एचडीत पिक्सेल एसडीच्या बरोब्बर पाचपट असतात, पण बिट काही पाचपट मिळत नाहीत. ट्रायच्या (टीव्ही-टेलिकॉमच्या नियामकाच्या) नेटवर्क शुल्काच्या नियमात एक एचडी चॅनेल दोन एसडी चॅनेलबरोबर मोजायचं ठरलं होतं, त्यावरून ढोबळ अंदाज येतो की जागेचा भाव कसा धरला जातो. शिवाय जुन्या सिरियल आणि जुने पिक्चर बऱ्याचदा एसडीचेच ताणून दाखवतात, त्यासाठी जादा पैसे कशाला घालायचे? मॅच बघत असाल तर घ्या.

प्रश्न : मी इंजिनिअरिंगला आहे. चित्र दाबायची एमपीईजी-२ पद्धत इतकी जुनी झाली तरी फ्री डिशवर का ठेवलीय? सगळं नवीन केलं तर किती चॅनेल बसतील?
(एक वाचक, नाशिक)

उत्तर : हिशोब तूच कर. एच.२६४ या नंतरच्या पद्धतीला त्याच दर्जासाठी साधारण निम्मे बिट लागतात आणि डीव्हीबी-एस२ या नव्या प्रसारण पद्धतीने त्याच ट्रान्सपाँडरमधून ३० टक्क्यांच्या आसपास जास्त बिट जातात, म्हणजे १.३ गुणिले २, वीसच्या जागी पन्नासच्या वर. त्याच्याही पुढची एचईव्हीसी तर २०१३ पासून आहे, ते घेतलं तर अजून.

पण डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस म्हणून ३३ चॅनेल घेऊन ही सेवा सुरू झाली तेव्हा एच.२६४ चं स्टँडर्ड येऊन जेमतेम दीड वर्ष झालं होतं, बॉक्स सगळे एमपीईजी-२ चे. आणि इथे महिन्याचं भाडं नाही, त्यामुळे कुणाच्या घरी कुठला बॉक्स आहे याची यादीच नाही. खासगी डीटीएचवाला ग्राहकाला फोन करून बॉक्स बदलून देऊ शकतो, प्रसार भारती कुणाला फोन करणार? एका रात्रीत बदल केला तर वाडीवस्तीवरचे टीव्ही काळे. म्हणून दोन्ही प्रकारचे स्लॉट, म्हणजे चॅनेलच्या जागा, ठेवलेत, लिलावही वेगवेगळे होतात, आणि गंमत बघ, जास्त जागा खाणाऱ्या एमपीईजी-२ च्या स्लॉटलाच भाव जास्त, कारण तो जुन्या-नव्या सगळ्या बॉक्सवर दिसतो. तुमच्या पुस्तकातली एफिशियन्सी बिट प्रति हर्ट्झमध्ये मोजतात, चॅनेलवाले ती घरांच्या संख्येत मोजतात.

प्रश्न : शेजारी सिक्सर आमच्या आधी बघतात. सॅटेलाइट लांब असतो म्हणून का?
(एक वाचक, चिपळूण)

उत्तर : सॅटेलाइट जवळपास ३६,००० किलोमीटरवर आहे, पण वर जाऊन खाली यायला पाव सेकंदच लागतो. बाकीचा उशीर एन्कोडर पुढची चित्रं बघत बसतो त्याचा आणि तुमच्या बॉक्समधल्या बफरचा. तुम्ही मोबाइल अॅपवर बघत असाल तर त्यात अजून बरेच सेकंद वाढतात. मॅचपुरतं टीव्हीवर बघा नाहीतर खिडकी लावून घ्या.