मृत्युपत्रात 'माझी मुलगी' असं लिहू नका

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि हातातलं काम बाजूला ठेवलं. तुम्ही लग्न केलं नाही, कामाला येणाऱ्या बाईंची मुलगी लहानपणापासून तुमच्याकडेच वाढली, फ्लॅट तिला द्यायचाय, तर सोसायटीत तिला नॉमिनी केलं की पुरे का, असं तुम्ही विचारलंय. मी त्या मुलीच्या जागी होते, म्हणून सविस्तर लिहितेय. मी वकील नाही. कागद करण्याआधी दिवाणी काम करणाऱ्या वकिलाला दाखवाच.

नॉमिनेशन पुरत नाही. नॉमिनी म्हणजे सांभाळणारा, मालक नव्हे. सोसायटी त्याला तात्पुरता सभासद करते, एवढंच. मृत्युपत्र नसेल आणि आईवडील हयात नसतील, तर घर जाईल वडिलांच्या वारसांकडे, म्हणजे तुमच्या भावांकडे, भाच्यांकडे. मृत्युपत्र कसं करतात, साक्षीदार किती, हे तुम्ही वाचलं असेलच. मला बोलायचंय ते एका शब्दाबद्दल.

मला वाढवणाऱ्या बाई शिक्षिका होत्या. सगळं स्वतःच्या अक्षरात लिहून त्यांनी दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या. घर कुणाला? तर 'माझी मुलगी' आणि पुढे माझं नाव. त्यांच्या दृष्टीने ते खरंच होतं. पण ते मृत्युपत्र घेऊन मी एका कार्यालयात गेले (नाव घेत नाही), तर म्हणाले, मुलगी आहात ना, जन्मदाखला आणा. दाखल्यावर आईचं नाव वेगळं. मग दत्तकपत्र आणा. ते कधी झालंच नव्हतं. मग यातली मुलगी तुम्हीच कशावरून? अकरा महिने हेच. लेखी नकार देईनात, त्यामुळे वरही जाता येईना. प्रत्येक अर्जाची शिक्क्यासकट पोच घ्या हो, मी पहिले सहा महिने घेतलीच नाही.

तेवढ्यात त्यांच्या भाच्यांनी कोर्टात हरकत घेतली. म्हणे, जिला मूलच नव्हतं ती बाई 'माझी मुलगी' लिहिते, म्हणजे ती भानावर नव्हती. हे वाक्य मी कोर्टात बसून ऐकलंय. नुसत्या वर्णनाच्या चुकीने मृत्युपत्र रद्द होत नाही, असं माझे वकील म्हणत होते. पण ते सिद्ध करायला किती वर्षं जातील ते कुणी सांगेना. तीन वर्षांनी मी तडजोड केली. अर्धं घर गेलं.

म्हणून तुम्ही स्पष्ट लिहा: 'माझ्याशी रक्ताचं किंवा दत्तक नातं नसलेली, अमुक सालापासून माझ्या घरी राहणारी', पुढे आधारवर आहे तस्संच पूर्ण नाव. स्वकष्टाची मिळकत कुणालाही देता येते, नातं लागत नाही. भावांचा, भाच्यांचा उल्लेख करा आणि त्यांना का देत नाही तेही एका वाक्यात लिहा. तुम्ही भानावर असल्याचं, त्याच तारखेचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडा. साक्षीदार तुमच्यापेक्षा लहान बघा. आमचे एक आधीच वारले होते. नोंदणी सक्तीची नाही, तरी माझं ठाम मत, कराच.

'दत्तक घ्या' म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. हिंदू कायद्यात, रूढी नसेल तर, मूल १५ वर्षांच्या आतलं लागतं. बक्षीसपत्राचंही, म्हणजे हयातीतच घर देऊन टाकायच्या कागदाचंही, तसंच. नवरा, बायको, मुलं, नातवंडं यांना राहतं घर द्यायला महाराष्ट्रात २०० रुपये मुद्रांक शुल्क. परक्या व्यक्तीला खरेदीखतासारखा पूर्ण दर, वर घेणारीला प्राप्तिकर. मृत्युपत्राने दिलं तर यातलं काहीच लागत नाही. बँकेत मात्र नॉमिनी आजच लावा, नोव्हेंबर २०२५ पासून चार जणांपर्यंत लावता येतात. तिथेही नात्याच्या रकान्यात 'मुलगी' नको.

तिला आत्ता सांगू का, असंही विचारलंत. सांगा, आणि मूळ कागद कुठे आहे तेही दाखवून ठेवा. आमच्या बाईंनी मला सांगितलं नव्हतं. तेराव्यानंतर नवव्या दिवशी शेजारच्या काकूंकडे ठेवलेल्या त्यांच्या डब्यात, रेशनकार्डाखाली तो कागद सापडला. तोवर भाच्यांनी घराला स्वतःचं कुलूप लावलं होतं.