मेडिकल अजून चार वर्षं लांब आहे

ताई,

पत्र मिळालं. तुम्ही अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला राहता, लेक बारावीत, डॉक्टर व्हायचं तिनं नक्की केलंय. बॉस्टनच्या एका खासगी विद्यापीठाने वर्षाला २५ हजार डॉलरची स्कॉलरशिप देऊ केली आहे, तुमच्याच राज्याच्या सरकारी रटगर्स विद्यापीठाने १५ हजारांची. राहण्या-जेवण्यासकट बॉस्टनचा खर्च ९२ हजार, रटगर्सचा ३८ हजार. शिक्षणासाठीच्या बचतीच्या ५२९ खात्यात १ लाख ४० हजार साठलेत. यजमान म्हणतात, नावाजलेल्या ठिकाणीच पाठवू, स्कॉलरशिपही तिकडचीच मोठी.

स्कॉलरशिप किती मिळाली हे बाजूला ठेवा, खिशातून किती जाणार ते मांडा. बॉस्टनला वर्षाला ६७ हजार, रटगर्सला २३ हजार. चार वर्षांत १ लाख ७६ हजारांचा फरक. तोही आजच्या दराने; खर्च दरवर्षी वाढतो, स्कॉलरशिप बहुधा आहे तेवढीच राहते.

यजमानांच्या मनात काय आहे ते ओळखीचं आहे. आपण बारावीनंतर केईएम की बीजे, या हिशोबात वाढलो. एकदा तिथे नाव लागलं की विषय संपला. इथे प्रीमेड म्हणजे मेडिकल कॉलेज नव्हे, वेगळी पदवीसुद्धा नव्हे. केमिस्ट्री, बायॉलॉजी, फिजिक्स, बायोकेमिस्ट्री असे ठरावीक कोर्स करायचे, मेजर म्हणजे मुख्य विषय हवा तो घ्यायचा, एमकॅट ही प्रवेशपरीक्षा द्यायची आणि मग मेडिकल स्कूलला अर्ज. तिथे जीपीए (चारपैकी सरासरी गुण) आणि एमकॅट आधी बघतात. प्रवेश मिळालेल्यांची सरासरी जीपीए ३.७५ च्या वर असते, एमकॅट ५२८ पैकी ५११ च्या आसपास. बॉस्टनच्या ३.४ पेक्षा रटगर्सचा ३.९ मी केव्हाही घेईन.

आता कर्जाचं. रटगर्सला चार वर्षांचे ९२ हजार जाऊन खात्यात ४८ हजार उरतात, आणि ५२९ चे पैसे मेडिकल स्कूललाही चालतात. बॉस्टनला उलट १ लाख २८ हजार कमी पडतात. १ जुलै २०२६ पासून नव्याने कर्ज काढणाऱ्या पालकांना पॅरेंट प्लस या सरकारी कर्जातून एका मुलासाठी वर्षाला २० हजार, एकूण ६५ हजारच मिळणार. त्याच तारखेपासून नव्या विद्यार्थ्यांसाठी ग्रॅड प्लस हे पदवीनंतरच्या शिक्षणाचं सरकारी कर्ज बंद. मेडिकलसाठी उरलेलं सरकारी कर्ज वर्षाला ५० हजार, एकूण २ लाखांपर्यंत. मेडिकलचा चार वर्षांचा खर्च सरकारी ठिकाणीही अडीच-तीन लाखांच्या घरात जातो. त्यावरची रक्कम खासगी बँकेकडून, बहुधा तुमच्या सहीवर. म्हणजे आज बॉस्टनला दिलेला डॉलर चार वर्षांनी व्याजाने उसना आणावा लागेल. (तुम्ही नागरिक आहात म्हणून निदान हा हिशोब मांडता येतो. एच-४ या, नोकरीसाठी आलेल्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावरच्या मुलांना सरकारी कर्ज नाही, आणि बरीच मेडिकल स्कूल्स त्यांचे अर्जही घेत नाहीत.)

बॉस्टनला काहीच नाही असं नाही. हॉस्पिटलं, लॅब हाकेच्या अंतरावर. पण न्यू ब्रन्सविकलाही रटगर्सचं स्वतःचं मेडिकल स्कूल आहे. तिथली अडचण वेगळी: सुरुवातीच्या वर्गांत शेकड्यांनी मुलं, प्राध्यापक नावानं ओळखत नाहीत. शिफारसपत्रं हवीत तर ऑफिस अवर्सना, म्हणजे प्राध्यापकांच्या भेटीच्या वेळांना, तिनेच जाऊन बसायला हवं. लाजाळू मुलीला हे जड जातं, ते मी लपवत नाही.

दोन्हीकडे विचारा: स्कॉलरशिप टिकवायला किती जीपीए लागतो? केमिस्ट्रीच्या पहिल्या वर्षात अनेकांचा तिथेच पाय घसरतो. आणि ‘आमची ८५ टक्के मुलं मेडिकलला लागतात’ असं कुणी सांगितलं तर विचारा, पहिल्या वर्षी प्रीमेड म्हणून किती होती? काही कॉलेजं कच्च्या मुलांना कॉलेजच्या समितीचं शिफारसपत्रच देत नाहीत. ती अर्ज करत नाहीत, आणि टक्का चकचकीत राहतो.

बॉस्टनच्या आर्थिक मदत कार्यालयाला रटगर्सचं पत्र जोडून एक विनंती जरूर पाठवा. दहा-वीस हजार वाढवून दिले तरी माझं मत रटगर्सच. रटगर्सच्या आसपास आणलं, तर पुन्हा बोलू. प्रवेश पक्का करायच्या डिपॉझिटची तारीख १ मे आहे, म्हणून हे याच आठवड्यात करा.

एक राहिलं. दोन पानांच्या पत्रात यजमानांचं मत आहे, तुमची काळजी आहे, मंडळातल्या लोकांचंही म्हणणं आहे. लेकीला कुठे जायचंय, ते कुठेच नाही. पुढचं पत्र तिला लिहू द्या.