'ट्रान्सपोजचं बटण आहेच की' या एका वाक्यासाठी एवढं लांब उत्तर

तुमची पोस्ट वाचत होतो. बाकी सगळं नेहमीचंच, पण शेवटच्या ओळीवर थांबलो: 'पट्टीचं टेन्शन नाही, ट्रान्सपोजचं बटण आहेच की.' (पट्टी म्हणजे गाण्याचा सा कुठे धरायचा ते. हे बटण हात न हलवता कीबोर्डचे सगळे स्वर वर किंवा खाली सरकवतं.) सहा वर्षांपूर्वी मी हेच वाक्य आमच्या ग्रुपवर टाकलं होतं, खाली दात काढणारा चेहराही जोडला होता. म्हणून लिहायला बसलो. लांबेल, आधीच सांगतो.

तुमचं म्हणणं मला कळलं ते असं: सहा जण महिन्यातून एका रविवारी जमता. दोन गिटार, एक बेस, एक कहोन (वर बसून हातांनी वाजवायचं खोक्यासारखं तालवाद्य), एक गायिका, कीबोर्डवर तुम्ही. या खेपेला 'पियानोची गाणी' करायची ठरलंय. यादीत 'बोहेमियन रॅप्सडी', 'अ थाउजंड माइल्स', 'समवन लाइक यू' आणि 'क्लॉक्स'. हातात तीन आठवडे, आणि दोन गाणी गायिकेला वर जातायत. कॉर्ड कुठे शोधायच्या, मेट्रोनोम का लावायचा वगैरे तुम्हाला माहीत असणार, ते सोडून देतो.

आणि हो, मी शिकलेला पियानिस्ट नाही. पेटीवर सुरुवात केली, मग कॅसिओ, मग जरा बऱ्यापैकी कीबोर्ड. नोकरी बँकेत. त्यामुळे पुढचं सगळं हौशी माणसाचं मत म्हणून वाचा. कुणी ग्रेड परीक्षा दिलेलं माझं म्हणणं खोडून काढत असेल तर त्यांचं ऐका.

आता ती गोष्ट.

पेटीवरून आलेल्या बहुतेकांसारखं मीही सगळं पांढऱ्या पट्ट्यांवर वाजवायचो. मेजर असेल तर सी, मायनर असेल तर ए मायनर, बाकी बटण बघून घेईल. आमच्या तेव्हाच्या गायिकेचा आवाज खालच्या पट्टीतला, भरदार. 'आय विल सर्व्हाइव्ह' मूळ ए मायनरमध्ये आहे, तिला एफ शार्प मायनर, म्हणजे पेटीच्या भाषेत काळी तीन (सप्तकातली तिसरी काळी पट्टी), बरोबर बसायची. मी बटण वजा तीनवर, म्हणजे तीन अर्धे स्वर खाली, ठेवायचो आणि हात ए मायनरमध्येच. चार महिने असा सराव केला. मस्त वाजायचं.

मग आमच्यातल्या एकाने शोध लावला की एका हॉलमध्ये खराखुरा पियानो आहे. नाव लिहीत नाही, त्यात काही मिळवायचं नाही. आम्ही घरच्यांना आणि मित्रांना बोलावून चाळीसेक माणसांची मैफल ठरवली. मी हॉलच्या ऑफिसात गेलो. विचारलं, पियानो ट्यून केलेला आहे का? उत्तर: "सर, चालू स्थितीत आहे." वाजवून बघू का? "झाकणाची किल्ली ज्यांच्याकडे असते ते रजेवर आहेत." पुढच्या शनिवारी पुन्हा गेलो. ते रजेवरून आले होते, पण जेवायला गेले होते. साडेतीनपर्यंत बसलो, मग कळलं की ते परस्पर घरी गेले. डिपॉझिट मात्र त्याच दिवशी रोख घेतलं, त्याची किल्ली बरोबर जागेवर होती. मी लेखी विचारायला हवं होतं, किंवा सरळ नाही म्हणायला हवं होतं. पण खऱ्या पियानोचा मोह. आणि त्याहून मोठा गाढवपणा म्हणजे मी माझा कीबोर्ड घरी ठेवला. तिथे पियानो असताना हे धूड कशाला न्यायचं, असा विचार.

त्या दिवशी झाकण उघडलं, ए दाबला. गिटारवाल्याच्या क्लिप ट्यूनरचा काटा डावीकडे लटकलेला. ना धड पांढरी सहा, ना धड काळी चार. अख्खा पियानो खाली उतरला होता, वर दोन-तीन स्वर आपापसात भांडत होते. वीस मिनिटं दोन्ही गिटार आणि बेस कानाने उतरवून पियानोला जुळवले. आमचा एक मित्र 'पियानो मॅन'साठी खास हार्मोनिका शिकला होता. हार्मोनिका कशी उतरवणार? त्याने ती रुमालात गुंडाळून खिशात टाकली आणि संध्याकाळभर टाळ्या वाजवल्या.

पण हे सगळं निभावलं असतं. पहिलंच गाणं 'आय विल सर्व्हाइव्ह'. सुरुवातीची ती पियानोची धावती लड मी झोकात घेतली आणि स्वाभाविकच ए मायनरमध्ये घेतली, कारण हाताला दुसरं काही येतच नव्हतं. खऱ्या पियानोला बटण नसतं. हे वाचताना तुम्ही हसाल, पण त्या क्षणापर्यंत ही गोष्ट माझ्या डोक्यात आलीच नव्हती. गायिकेने मी दिलेल्या स्वराला सूर लावला, दुसऱ्या ओळीपर्यंत आवाज ताणला, आणि चिरकला. मी थांबलो, 'सॉरी, सॉरी' म्हणत एफ शार्प मायनर शोधला. मग बी मायनर, ई, ए, डी इथपर्यंत आलो. पुढे जी शार्पची ती अर्धवट डिमिनिश्ड कॉर्ड आणि मग सी शार्प. तिथे हात कोराच. या गाण्यात आठ बारांचं तेच चक्र पहिल्यापासून शेवटपर्यंत फिरतं, म्हणजे दर फेरीला मी त्याच खड्ड्यात. तिसऱ्या फेरीला गिटारवाल्याने डोळ्यांनी 'तू थांब' सांगितलं आणि गाणं ओढून नेलं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या, घरचेच होते. पण त्या मुलीला वाटलं की तिचंच बिनसलं. मी समजावलं, बाकीच्यांनीही समजावलं, तरी ती पुढच्या रविवारी आली नाही, त्यापुढच्याही नाही. डिपॉझिट बुडालं त्याचं मला फारसं काही वाटलं नाही (त्यातून 'पियानोची सेवा' म्हणून कापून घेतलं, ती कसली सेवा ते अजून कळलेलं नाही). तिचं जाणं मात्र लागलं.

त्यामुळे माझं मत अगदी कडक आहे: जॅमसाठी (असं जमून वाजवायला) गाणं ठरवताना आधी गायिकेची पट्टी धरा, मग त्या पट्टीत तुमचा हात बटणाशिवाय चालतो का ते बघा. नसेल चालत आणि तीन आठवड्यांत चालेल असंही वाटत नसेल, तर ते गाणं यादीतून काढा, कितीही आवडीचं असलं तरी. ऑर्केस्ट्रात एका रात्री पस्तीस गाणी वाजवणारे कसलेले वादकही बटण वापरतात, ते मला माहीत आहे. त्यांच्या हाताला बाराही पट्ट्या येतात, बटण ही त्यांची सोय आहे. आपल्याकडे ती पांगुळगाड्यासारखी असते. शिवाय स्वतःचा कीबोर्ड असला तरी घोळ होतोच: गिटारवाला तुमच्या हाताकडे बघून सी धरतो, ऐकू येतो ए. आणि पुढच्या गाण्याला बटण शून्यावर आणायला कोणीतरी विसरतं. कोणीतरी म्हणजे आपणच.

आता तुमची यादी.

'बोहेमियन रॅप्सडी' काढा. १९७५ चं जवळजवळ सहा मिनिटांचं गाणं, परत परत येणारं ध्रुवपद नाही, सुरुवात काळी पाचमध्ये. आणि मधला ऑपेराचा भाग खुद्द क्वीनवाले (ज्यांचं हे गाणं तो बँड) स्टेजवर टेप लावून निभावायचे. त्यांना जमलं नाही ते आपल्याला रविवारी दुपारी जमणार आहे का? कुणीतरी हौसेने किंचाळणार, बाकीचे हसणार, झालं. हसण्यासाठीच करायचं असेल तर जरूर करा, मग मात्र सराव करू नका.

'अ थाउजंड माइल्स' बी मेजरमध्ये, म्हणजे पांढरी सातमध्ये आहे. पाच शार्प, म्हणजे पाचही काळ्या पट्ट्या लागतात. त्यातली पियानोची नागमोडी लड हेच गाणं. ती तुम्ही वाजवणार आणि बाकीचे चार जण तुमच्याकडे बघत बसणार. 'समवन लाइक यू'मध्येही तेच: मुळात फक्त पियानो आणि आवाज. कहोनवाला काय करणार? तो बिचारा दुसऱ्या कडव्यापासून हळूच काहीतरी वाजवायला लागतो आणि गाणं बिघडतं. गायिकेला हवंच असेल तर मधे एक गाणं दोघांनीच करा, बाकीचे तोवर चहा घेतील.

'क्लॉक्स' ठेवा! तुमच्या यादीतलं एवढं एक गाणं जॅमचं आहे. काळी दोनमध्ये आहे, ई फ्लॅट, बी फ्लॅट मायनर, एफ मायनर. घाबरू नका, तीन कॉर्डवर जवळजवळ सगळं चालतं. गिटारवाल्यांना सांगा, पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावा आणि डी, ए मायनर, ई मायनर धरा. तुमच्या उजव्या हातातल्या आठ स्वरांचं वजन तीन-तीन-दोन असं पडतं. कहोनवाल्याला सरळ केरव्याच्या आठ मात्रा धरू देत, तुमचे तीन-तीन-दोन त्याच्यावरून तिरके जातात आणि दोघेही समेवर एकत्र येता. हे पहिल्यांदा जुळतं तेव्हा सगळे एकमेकांकडे बघून हसतात. आमच्याकडे तरी हसले होते.

उरलेल्या जागी मी काय घालीन? 'हे ज्यूड'. १९६८ चं, सात मिनिटांहून मोठं, पण शेवटची चारेक मिनिटं तीन कॉर्डचं एकच चक्र आहे आणि तेवढं सगळ्यांना गाता येतं. मूळ पांढरी चारमध्ये आहे, तिथे पुरुषांचेही गळे वर अडकतात. पांढरी दोनमध्ये आणलं की शेवटचं चक्र डी, सी, जी होतं, गिटारला एकदम मोकळ्या कॉर्ड. 'लीन ऑन मी' (१९७२) तर पियानो नवा शिकणाऱ्यासाठीच केलंय असं वाटतं: सी, डी मायनर, ई मायनर, एफ, हात तसाच्या तसा शेजारच्या पट्टीवर सरकत जातो. म्हणूनच ते दुसऱ्या स्केलमध्ये न्यायला सोपं. जीमध्ये करून बघा, बटणाची सवय सोडवायला याच्याइतकं चांगलं गाणं मला सापडलेलं नाही. 'पियानो मॅन' तीनच्या लयीत आहे, आपला दादरा येणारा माणूस लगेच पकडतो, आणि बेस एकेक पायरी खाली उतरत जातो, त्यामुळे बेसवाला खूश. 'लेट इट बी' घिसंपिटं आहे, मान्य. पण त्या फसलेल्या संध्याकाळी तेवढं एकच गाणं नीट झालं, कारण ते मूळचंच सीमध्ये होतं. त्यानंतर मी त्याला नावं ठेवत नाही.

हिंदी घेणार असाल तर एक सावधगिरी. पडद्यावर हिरो पियानोशी बसलाय म्हणून गाणं पियानोचं होत नाही. 'दिल के झरोखे में' घ्या, शम्मी कपूर पियानोवर आणि ऐकू येतो तो शंकर-जयकिशनचा भरगच्च वाद्यमेळ. त्यांच्या अरेंजमेंट करणारे सेबॅस्टियन डिसोझा गोव्याचे, त्यांचं व्हायोलिनचं काम ऐकाल तर कळेल की तिथे पियानो एकटा काही करत नाहीये. सहा जणांत ते उघडंबोडकं वाटतं. उलट 'प्यार दीवाना होता है' छान बसतं, कारण त्याचा ठेका आणि चाल दोन्ही सुटसुटीत, आणि मधले पीस गिटारवर टाकता येतात. 'तुम ही हो' २०१३ पासून प्रत्येक रविवारी कुणीतरी सुचवतंच. सुरुवातीचा पियानो सोपा आहे, पण मुखडा तीनदा झाला की चेहरे बघा एकेकाचे.

अजून एक, यादीपेक्षा हे महत्त्वाचं: बेसवाला आहे ना? मग डावा हात जवळजवळ बंद ठेवा. एकट्याने सराव करताना डाव्या हाताने मंद्रात ढणाढणा ऑक्टेव्ह वाजवायची सवय लागते, आणि जॅममध्ये त्याचा बेसशी नुसता चिखल होतो. आमच्या बेसवाल्याने मला दोन वर्षं सांगितलं, शेवटी एका रविवारी माझा डावा हात धरूनच ठेवला. त्या दिवशी बँड पहिल्यांदा स्वच्छ ऐकू आला.

जाता जाता सस्टेन पेडलचं. कीबोर्ड चालू करताना पेडलवर पाय ठेवू नका. बऱ्याच कीबोर्डवर मग ते उलटं चालतं, पाय काढला की स्वर लांबतात, दाबला की तुटतात. बंद करून पुन्हा चालू केलं की ठीक होतं. आम्ही यावर एकदा अर्धा तास घालवून, पेडल उघडून, एक स्क्रू हरवून बसलो होतो.

गायिकेला या रविवारी फक्त पट्टी ठरवायला बोलवा, दुसरं काही वाजवू नका. तानपुऱ्याचं ॲप लावा, मुखड्याची सर्वांत वरची ओळ आधी गाऊन घ्या. पट्ट्या इथे लिहा, मी कॉर्ड लिहून देतो. 'बोहेमियन'च्या सोडून.