परदेशात जाऊन घर आणि धंदा दोन्ही उभं केलेली, पण आपल्याकडे फारशी कुणाला माहीत नसलेली अशी कोणती स्त्री तुम्हाला आठवते?

जॉइस चेन, बॉस्टनच्या लोकांना चिनी जेवणाची ओळख करून देणारी हॉटेलवाली. मी बॉस्टनजवळ तीसहून जास्त वर्षं राहते आहे. या बाईंचं नाव कानावर पडायच्या आधी त्यांची एक वस्तू माझ्या स्वयंपाकघरात आली होती, ती गोष्ट आधी सांगते.

लग्न होऊन इथे आले तेव्हा आईने सामानात लोखंडी कढई घातली होती, गोल बुडाची. भाड्याच्या घरात विजेची शेगडी, वर सपाट कॉइल. कढई ठेवली की डुलायची. मधोमध रुपयाएवढा भाग तापायचा आणि कडेचं तेल कोमटच. पहिल्या दिवाळीला एका हाताने सांडशीत कढई घट्ट धरून, दुसऱ्या हातात झारा घेऊन चकल्या तळल्या. मधल्या करपल्या, कडेच्या तेल पिऊन मऊ पडल्या. सगळा घाणा टाकून दिला आणि रडत बसले. पुढच्या उन्हाळ्यात शेजारच्या आजींनी घरातलं जुनं सामान अंगणात मांडून विकायला काढलं. त्यात एक भांडं दिसलं: कढईसारखंच खोल आणि पसरट, पण बूड तव्यासारखं सपाट, आणि दोन कानांच्या जागी एक लांब दांडा. आजी म्हणाल्या, "ही आमच्या केंब्रिजच्या जॉइस चेनची." (हे केंब्रिज बॉस्टनला लागूनचं, इंग्लंडमधलं नव्हे.) सपाट बुडाच्या, दांड्याच्या त्या चिनी कढईचं पेटंट जॉइस चेन यांच्या नावावर होतं, हे मला फार नंतर कळलं. चिनी बायकांनाही अमेरिकन शेगडीवर नेमकी माझीच अडचण आली होती. मी रडले, त्यांनी बूड बदललं.

जन्म १९१७ चा, बीजिंगचा. मूळ नाव ल्याओ ज्या-आय. घर सुखवस्तू, स्वयंपाकाला आचारी. त्याच्या आणि आईच्या हाताकडे बघत त्या शिकल्या. १९४९ मध्ये कम्युनिस्ट फौजा शांघायजवळ येत असताना नवरा आणि दोन लहान मुलांना घेऊन त्यांनी बोट पकडली आणि हार्वर्ड-एमआयटीच्या केंब्रिज गावात घर केलं. तिसरं मूल इथेच झालं.

तो काळ कसा होता हे लक्षात घ्यायला हवं. १८८२ च्या कायद्याने अमेरिकेने चिनी मजुरांना दार बंद केलं होतं. १९४३ मध्ये तो कायदा उठला, पण चिनी लोकांसाठी वर्षाला फक्त १०५ जागा ठेवल्या. (आपल्या लोकांना १९४६ मध्ये १०० मिळाल्या.) त्यामुळे बहुतेक अमेरिकन माणसांना चिनी जेवण म्हणजे चॉप सुई एवढंच ठाऊक होतं.

१९५७ मध्ये मुलीच्या शाळेत जत्रा होती. सगळ्या आयांनी काही ना काही करून द्यायचं. जॉइसबाईंनी भोपळ्याची बिस्किटं केली आणि सोबत एग रोल. (आपल्या गाडीवर मिळतो तो अंड्याचा रोल नव्हे, पारीत सारण भरून तळलेली कुरकुरीत वळकटी.) थोड्या वेळाने त्या जत्रेत गेल्या तर टेबलावर बिस्किटं होती आणि एग रोलचा पत्ता नव्हता. त्यांना वाटलं, बायकांना लाज वाटली असेल म्हणून कुठेतरी आत सरकवून ठेवले असतील. प्रत्यक्षात ते पाच मिनिटांत संपले होते, आणि आणखी करून आणाल का म्हणून बायका त्यांनाच शोधत होत्या.

हा प्रसंग मी कितीदा तरी आठवते. शाळेच्या कार्यक्रमाला साबुदाणा वडे नेताना पोटात जो गोळा येतो, तो मला माहीत आहे. डबा तसाच परत येईल की काय, ही भीती. जॉइसबाईंनी ती भीती मनात धरून ठेवली नाही. पुढच्याच वर्षी, १९५८ मध्ये, त्यांनी काँकॉर्ड अव्हेन्यूवर स्वतःच्या नावाचं रेस्टॉरंट उघडलं.

मला त्यांची खरी हुशारी इथे दिसते. पदार्थाची चव न बदलता, गिऱ्हाइकाला अडणाऱ्या गोष्टी त्यांनी एकेक करून दूर केल्या. वाढपी चिनी बोलणार, गिऱ्हाईक इंग्रजी, म्हणून मेनूवर प्रत्येक पदार्थाला नंबर. नाव उच्चारता येत नसेल तर आकडा सांगा. मंगळवार-बुधवारी गर्दी कमी, म्हणून त्या दिवशी बुफे. अनोळखी पदार्थ मागवून फसण्याची भीती उरली नाही, चमचाभर घेऊन बघा. आणि ग्वोत्ये. करंजीसारखे मुडपलेले, आत मांसाचं सारण, खालची बाजू तव्यावर खरपूस आणि वरची वाफेवर मऊ. चिनी नावाचा अर्थच 'भांड्याला चिकटलेले'. बॉस्टनमध्ये इटालियन वस्ती मोठी, त्यामुळे रॅव्हिओली, म्हणजे सारण भरलेला इटालियन पास्ता, सगळ्यांच्या ओळखीची. बाईंनी मेनूवर लिहिलं 'पेकिंग रॅव्हिओली' (पेकिंग म्हणजे बीजिंगचं जुनं नाव), आणि लोक मागवायला लागले. दुसरीकडे, त्या काळी चिनी हॉटेलांत सर्रास वापरला जाणारा खाण्याचा लाल रंग त्यांनी स्वयंपाकघरात येऊ दिला नाही. वाकायचं कुठे आणि अडून बसायचं कुठे, हे त्यांना नेमकं कळत होतं.

१९६२ च्या पाककृतींच्या पुस्तकातही तेच. त्यांना रंगीत छायाचित्रं हवीच होती, प्रकाशक तयार नव्हता, तर त्यांनी पुस्तक स्वतः काढलं आणि रेस्टॉरंटमध्ये येणाऱ्यांकडूनच हजारो प्रतींची मागणी आणली. मग मोठा प्रकाशक आला. पुढे बॉस्टनच्या ना-नफा वाहिनीवर २६ भागांची मालिका झाली, टीव्हीवर फ्रेंच स्वयंपाक शिकवून गाजलेल्या जूलिया चाइल्ड यांच्याच सेटवर थोडी सजावट बदलून. त्याच सुमारास, १९६६ मध्ये, घटस्फोट झाला. तीन मुलं, रेस्टॉरंट, पाककलेचे वर्ग, कॅमेरा, सगळं एकाच वेळी. रेस्टॉरंटं वाढत गेली, भांड्यांचा धंदा सुरू झाला, बाटलीबंद सॉस आले. मुलंही यात वाढली. मुलगी हेलन पुढे स्वतः पुस्तकं लिहू लागली आणि भांड्यांच्या व्यवसायात उतरली. १९७२ मध्ये चीनची दारं उघडू लागल्यावर बाई हेलनला आणि धाकट्या स्टीव्हनला घेऊन माहेरच्या देशात गेल्या. थोरला हेन्री हॉटेल सांभाळायला मागे राहिला. कुठल्याही धंदेवाल्या घरात असंच असतं, एकाला गल्ल्यावर थांबावंच लागतं.

शेवटची वर्षं स्मृतिभ्रंशात गेली. १९९४ मध्ये त्या वारल्या. ज्या बाईंनी एका अख्ख्या शहराला पदार्थांची नावं शिकवली, त्यांना अखेरीस नावं आठवेनाशी झाली, याचं मला फार वाईट वाटतं. १९९८ मध्ये शेवटचं रेस्टॉरंटही बंद झालं. मी तिथे दोनदाच जेवले, ते दोन्ही वेळा ती कढई कुणाची हे नीट माहीत नसताना.

२०१४ मध्ये अमेरिकन टपाल खात्याने पाच नामवंत पाककलातज्ज्ञांची तिकिटं काढली, त्यात त्या होत्या. मी पानभर तिकिटं घेतली आणि त्यांचं तिकीट लावून आईला पत्र पाठवलं, आत लिहिलं, 'ही ती कढईवाली.'

माझी मुलगी आता कॅलिफोर्नियात असते. तिथे पहिल्यांदा चिनी हॉटेलात गेली तेव्हा सवयीने तिने पेकिंग रॅव्हिओली मागवली. वाढपी गोंधळला, इटालियन हॉटेल पलीकडे आहे म्हणाला. तिने मला तिथूनच फोन केला, "आई, याला दुसरीकडे काय म्हणतात गं?"