घाम एवढा येतो, मीठ त्यातून जातंच. मग खारी मासळी खाल्ली की बीपी का वाढतं?

जातं, पण वाटतं तेवढं नाही. कोकणातल्या दमट उकाड्याला सरावलेल्या अंगात अल्डोस्टेरॉन हे हार्मोन घामातलं बरंचसं सोडियम परत ओढून घेतं. आणि पेजेसोबत खारा बांगडा, वर लोणच्याची फोड, एवढ्यातच दिवसाची 5 ग्रॅम मिठाची मर्यादा सहज ओलांडते.

रक्तात सोडियम वाढलं की तहान लागते आणि मेंदूतून एडीएच हे हार्मोन सुटतं. ते किडनीला पाणी धरून ठेवायला लावतं. रक्ताचं आकारमान वाढतं, दाब चढतो. निरोगी माणसाची किडनी अशा वेळी दाब चढवणारी साखळी सुरू करणारं रेनिन कमी करते, त्यामागोमाग रक्तवाहिन्या आवळणारं अँजिओटेन्सिन आणि मीठ धरून ठेवणारं अल्डोस्टेरॉनही उतरतं, आणि जादा मीठ दोन-चार दिवसांत लघवीवाटे जातं. उतारवयात किंवा किडनी अधू असेल तर नेमकं हेच अडतं. म्हणून ‘भरपूर पाणी प्या, मीठ धुऊन जाईल’ हा सल्ला अशांनी ऐकू नये.

मासळी खायचीच तर कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा, पाणी दोनदा बदला, कालवणात वरून मीठ घालू नका. सगळा खार निघत नाही, बराच उतरतो.

बीपीची टेल्मिसार्टनसारखी गोळी चालू असेल तर ‘लो सोडियम’ मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. त्यात पोटॅशियम असतं, गोळीने अल्डोस्टेरॉन दबल्यामुळे ते लघवीतून कमी जातं, आणि फार साठलं तर हृदयाचे ठोके बिघडतात.