आमटीतली गोळी

प्रश्न : मिस्टर रोज पितात. महिन्यातून तीन-चारदा उठवत नाही, मग त्यांच्या ऑफिसात ‘ताप आलाय’ असा फोन मीच करते. दिवाळीनंतर मुलीसाठी स्थळं बघायची आहेत. सासूबाई म्हणतात, बाहेर चकार शब्द काढू नकोस. वहिनींनी एक गोळी सांगितली आहे, गुपचूप आमटीत घातली की दारू सुटते म्हणे. घालू का?
– एक वाचक, कोपरी, ठाणे

उत्तर : ताई, आधी गोळीचं. अजिबात घालू नका. वहिनी म्हणतात ती बहुधा डायसल्फिराम असावी. ती पोटात असताना दारू प्यायली की चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. जिवावरही बेतू शकतं. डॉक्टर ती तपासण्या करून, पेशंटला सगळं सांगून, त्याच्या संमतीनेच देतात. शिवाय उद्या कळलं तर ते तुमच्या हातचं जेवणार नाहीत, ते वेगळंच.

खोलीत कोंडून एकदम दारू तोडायलाही लावू नका. रोज पिणाऱ्याचे हात कापायला लागतात, एक-दोन दिवसांत फिट येऊ शकते, पुढे भास होऊ शकतात. सोडायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली. ‘ठाण्याला पाठवा’ ही चेष्टा ऐकतच आपण मोठे झालो, म्हणून मानसोपचारतज्ज्ञाचं नाव काढलं की ठाणेकरांचेच पाय जड होतात. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यातही दारूच्या व्यसनाशी निगडित आजार मानसिक आजारांतच धरलेत. १४४१६ या टेलिमानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या) मोफत नंबरवर मराठीत बोलता येतं, तुम्हालाही.

आता तापाचा फोन. मी ऐरोलीत बारा वर्षं तो केला. ह्यांच्या एकाच काकांना मी दोनदा मारलं! रिकाम्या बाटल्या आमच्या सेक्टरच्या भंगारवाल्याला कशा देणार? जुन्या साडीत एकेक गुंडाळायची आणि रिक्षाने दिघ्याला न्यायची. स्पीडब्रेकरवर पिशवी किणकिणली की रिक्षावाला आरशात बघायचा आणि मी मोठ्याने खोकायची. एक दिवस जिन्यात शेजारच्या काकूंनी पिशवीला हात लावला. ‘अगं, दिघ्यापर्यंत कशाला जातेस? रद्दीवाला आमच्याकडे येतो, त्यालाच देत जा.’ मी घरी येऊन रडले. मग हसू आलं. सगळ्या मजल्याला माहीत होतं. लपवण्यात दमले मी एकटीच.

त्यानंतर मी अल-अनॉनच्या, म्हणजे पिणाऱ्यांच्या घरच्यांच्या गटाच्या, मीटिंगला जायला लागले. दारू सोडू पाहणाऱ्यांचं अल्कोहोलिक्स अनॉनिमस १९३५ साली अमेरिकेत सुरू झालं. त्याच्या एका संस्थापकाच्या पत्नी लोईस यांनी पुढे १९५१ मध्ये घरच्यांसाठी अल-अनॉन सुरू केलं. नवरा येवो न येवो, आपण जायचं. तिथे कुणी ‘बायकोने धाकात ठेवायला हवं होतं’ असं म्हणत नाही, माझ्या माहेरचे मात्र म्हणायचे. आमच्याकडे दारू सुटली, परत लागली, परत सुटली. तुमचे मिस्टर तुमच्यावर किंवा मुलीवर हात उचलत असतील तर मात्र वाट बघू नका, १८१ या महिला हेल्पलाइनला फोन करा.

मुलीच्या स्थळांचं सासूबाईंशी नको, मुलीशीच बोला. पाहुण्यांना काय सांगायचं, कधी सांगायचं, हे तिने ठरवू द्या. तिलाही त्या घरात लपवाछपवी करत नांदायचं नसेल.

आणि मिस्टरांशी बोलायचं ते सकाळी, उतरलेली असताना, भांडण न काढता. पुढच्या वेळी ऑफिसचा फोन त्यांच्याच हातात द्या आणि तुम्ही दूध आणायला खाली उतरा.